दम आणि दाम

आपल्या भाषेत लढायांच्या बखरी पुष्कळ आहेत, संतांची चरित्रे पुष्कळ आहेत, आणि अलीकडे संस्थांचे अहवालही पुष्कळ झाले आहेत. परंतु खेळाचा इतिहास म्हणून हाती धरावे असे ग्रंथ शोधू लागले तर कपाटाचा एक कप्पाही भरत नाही. खेळ हा पोरासोरांचा उद्योग, तो लिहिण्याजोगा विषय नव्हे, अशी आपल्या शिष्ट समाजाची समजूत असावी. क्रिकेट तेवढे या समजुतीस अपवाद झाले, आणि तेही बहुधा साहेबाचे म्हणून. हुतूतू तर अगदीच घरचा. घरच्या माणसाचे चरित्र लिहावयास कोण बसतो?

परंतु या घरच्या माणसाच्या आयुष्यात गेल्या काही वर्षांत असे स्थित्यंतर घडले आहे की, त्याचा विचार न करणे हे आता इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईस वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात ‘यू मुंबा’ आणि ‘जयपूर पिंक पँथर्स’ या दोन संघांचा सामना झाला व ‘प्रो कबड्डी लीग’ नावाची धंदेवाईक स्पर्धा सुरू झाली. आठ शहरांचे आठ संघ, प्रत्येक संघास एक धनी, खेळाडूंचा जाहीर लिलाव, आणि घरोघरी दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी सामने. ३१ ऑगस्टला अंतिम सामन्यात जयपूरने मुंबईस ३५-२४ असे हरविले. त्या एका हंगामात सुमारे ४३.५ कोटी लोकांनी हे सामने पाहिले, असे त्या वेळी जाहीर झाले. म्हणजे क्रिकेटच्या लीगच्या खालोखाल. ज्या खेळास शाळेच्या वार्षिक उत्सवापलीकडे प्रेक्षक मिळण्याची आशा नव्हती, त्यास एका महिन्यात एवढा लोकसमुदाय मिळाला. तो कशाच्या मोबदल्यात मिळाला, हा आमच्या पुढील विवेचनाचा विषय आहे.

यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. हुतूतूचे मर्म कशात होते? गड्याने एका श्वासात ‘हुतूतूतू’ असा अखंड उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, कोणास शिवता आले तर शिवावे, आणि दम सुटण्यापूर्वी मध्यरेषा गाठावी. दम तेथेच सुटला तर गडी मेला. जगातील बहुतेक खेळांत वेळ घड्याळ मोजते, किंवा पंच मोजतो. येथे वेळ मोजण्याचे साधन खेळाडूच्या छातीत होते. पंचाचे मुख्य इंद्रिय डोळा नसून कान होता. धिप्पाड गड्याचा दम आखूड आणि किडकिडीत पोराचा लांब, असे नेहमी घडे. आणि त्यामुळे बळाच्या या खेळात दुबळ्यासही एक वाटा राखून ठेवलेला असे. आमच्या मते हुतूतूची खरी लोकशाही ती हीच.

बाकी सर्व मात्र गावोगाव निराळे. कोठे नऊ गडी, कोठे सात, कोठे जमतील तितके. बंगाल्यात हाच खेळ हाडूडू, तमिळ मुलखात चेडुगुडु. मेलेल्या गड्याचे काय करावे याविषयी तर तीन स्वतंत्र शाखा झाल्या होत्या. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक मेलेला उठे. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत कोणी उठत नसे. अमर या प्रकारात गडी मरतच नसे. गुण लिहून घ्यावा आणि खेळ चालू ठेवावा. नावे पाहा: संजीवनी, अमर! आमच्या पूर्वजांनी मैदानावरील बाद होण्यालाही पुराणाचा रंग दिला होता. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीची वंशज आहे.

या गावठी विविधतेस एका नियमात बांधण्याचे काम महाराष्ट्राने केले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. १९१८ च्या सुमारास नियमांची जुळवाजुळव झाली. १९२३ साली ते छापून निघाले, व त्याच वर्षी त्या नियमांन्वये बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. पुढे १९३४ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते पुन्हा तपासून घेतले. ही सर्व मंडळी हौशी होती. हौशी या शब्दाचा त्या काळचा अर्थ आज समजावून सांगावा लागतो. व्यायाम हे देशकार्य होते. त्यासाठी पैसा घेणे म्हणजे देवळातील घंटा वाजविण्याची मजुरी मागणे होय, अशी भावना होती.

त्या भावनेचे एक मोठे पीठ आमच्या वऱ्हाडात होते व आहे. आम्ही राहतो त्या नांदगाव पेठेहून अमरावती ही अर्ध्या घटकेची वाट. तेथे अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाडा, मल्लखांब, लेझीम, लाठी आणि देशी मैदानी खेळ यांचे पद्धतशीर शिक्षण हे त्याचे कार्य. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा या मंडळाचे पथक अमरावतीहून तेथे गेले, आणि त्याने युरोपीय प्रेक्षकांपुढे मल्लखांबाबरोबर हुतूतूही खेळून दाखविला. आपल्या या खेळाचे परदेशच्या मोठ्या व्यासपीठावरील पहिले दर्शन म्हणून हाच प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. त्याच बर्लिनात १५ ऑगस्ट रोजी ध्यानचंदच्या संघाने जर्मनीस ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. हॉकी आपल्यास साहेबाने शिकविली होती, तिला पदक होते. हुतूतू आपला होता, त्यास टाळ्या होत्या. पथकाच्या लोकांस याचा विषाद वाटला असेल असे आम्हांस वाटत नाही. ते पदकासाठी गेलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने भरू लागले. खेळ सर्व देशाचा व्हावयाचा तर नाव एक हवे. ते कबड्डी ठरले. हुतूतू हे नाव महाराष्ट्राने मुकाट्याने सोडून दिले. ज्या प्रांताने नियम केले त्यानेच आपले नाव सोडावे, हे औदार्य होते की आपल्या शब्दाविषयीची बेपर्वाई, हे ठरविणे कठीण आहे. नाव बदलले म्हणजे श्वासातला उच्चारही बदलला. ‘हुतूतूतू’ हा ओठांवर घोळणारा, जवळजवळ फुंकरीसारखा नाद. ‘कबड्डी’त क, ब आणि दुहेरी ड यांचे तीन आघात. एका दमात कोणता उच्चार अधिक वेळ टिकतो, याचा प्रयोग वाचकांनी घरी करून पाहावा.

पुढील साठ वर्षांत शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी या खेळासाठी देह झिजविला. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचे प्रात्यक्षिक झाले, १९९० साली बीजिंगला पदक लागले, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत सलग सात वेळा भारतानेच पुरुषांचे सुवर्ण मिळविले. तरीही खेळाडूच्या पदरी काय पडे? रेल्वे, पोलीस, सेनादल, बँक किंवा एखादी कंपनी खेळाडू म्हणून नोकरी देई. तेच त्याचे बक्षीस, तेच निवृत्तिवेतन. मुंबईच्या गिरणगावातील कित्येक घरांची चूल अशा नोकऱ्यांवर पेटली. हौशी खेळ म्हणून ज्याचा आपण गौरव करीत होतो, तो वस्तुतः नोकरीच्या आशेवर चालला होता. ही गोष्ट उघड बोलण्याची चाल नव्हती, एवढेच.

आता वाचकांस आम्ही थोडे दूर, कॅनडाच्या बर्फात नेणार आहो. कारण हौशी खेळाची धंदेवाईक लीग कशी होते आणि मग काय काय होते, याचा जुना व सर्वांत बोधक दाखला तेथील बर्फावरच्या हॉकीचा आहे. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी चांदीचा एक प्याला विकत घेऊन देशातील सर्वोत्तम हौशी संघासाठी ठेवला. तो कोणाच्या मालकीचा होऊ नये म्हणून दोन विश्वस्त नेमले. १८९३ साली तो प्रथम दिला गेला. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांतच त्यासाठी पगारी खेळाडू झगडू लागले, व हौशी संघांसाठी दुसरा, ॲलन नावाचा प्याला काढावा लागला. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात संघांचे मालक जमले आणि त्यांनी ‘नॅशनल हॉकी लीग’ स्थापन केली. १९२६-२७ च्या हंगामापासून स्टॅन्लेच्या प्याल्यासाठी या लीगचेच संघ खेळू लागले, आणि १९४७ साली विश्वस्तांनी लेखी करार करून त्याचा कारभारच लीगच्या हाती दिला. हौशी खेळाडूंस दिलेले दान पन्नास-पंचावन्न वर्षांत एका व्यापारी मंडळाचे भूषण झाले. यात कोणी चोरी केली नाही. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचेच होते, आणि म्हणूनच हा दाखला बोधक आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बर्फाची. बर्फावरची हॉकी नैसर्गिक थंडीची बांधील होती. उन्हाचा एक दिवस आला की तळे पाणावे आणि सामना रद्द व्हावा. तिकिटे विकलेल्या माणसास हे परवडत नाही. तेव्हा फ्रँक व लेस्टर पॅट्रिक या बंधूंनी, ज्या पॅसिफिक किनाऱ्यावर थंडीच बेताची, तेथे व्हँकुव्हर व व्हिक्टोरिया या शहरांत १९११ साली यंत्राने बर्फ करणारी क्रीडागृहे उभारली. खेळ ऋतूच्या तावडीतून सुटला. लागलीच नियमही बदलू लागले: पुढच्या गड्याकडे चेंडू देण्यास मोकळीक मिळाली, मैदानावर निळ्या रेषा आल्या. पूर्वेकडच्या मालकांनी सात गड्यांतला सातवा काढून टाकला. एक पगार वाचावा हे त्याचे कारण सांगतात. (हॉकीत जो वापरतात त्यास चेंडू म्हणणे चूकच आहे, ती रबराची जाड चकती, पण प्रवाहात ‘चेंडू’ लिहून गेलो तो राहू द्यावा.)

यंत्राचे बर्फ त्यांचे, आणि मॅट आपली. आमच्या वऱ्हाडची काळी भुई ज्याने पाहिली आहे त्यास मॅटचे महत्त्व सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात या मातीचा चिखल होतो, तो पायाला धरला की सोडीत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून क्रीडांगण करावयाचे तर मुरूम, तांबडी माती आणून, पाणी मारून, धुमस करून ते तयार करावे लागे, आणि खेळाचे दिवस म्हणजे पाऊस सरल्यापासून ऊन तापेपर्यंतचे. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम कोणत्या महिन्यांत झाला ते आम्ही वर लिहिले आहे: ऐन श्रावणात. ज्या दिवसांत नांदगाव पेठेत अंगणातून ओसरीवर येताना पाय धुवावे लागतात, त्या दिवसांत मुंबईस, दिल्लीस, पाटण्यास छपराखाली, रबरी तक्त्यांवर, पायांत बूट घालून हुतूतू चालला होता. मातीवर पडलेला गडी कोपर सोलून उठे. मॅटवर तो घसरून उठतो. जखम कमी झाली आणि उड्या उंच गेल्या. हा निव्वळ लाभ होय, आणि जे लोक मातीच्या नावाने गळा काढतात त्यांनी आपले कोपर एकदा मातीवर सोलून पाहावे.

दमाची गोष्ट मात्र निराळी. लीगमध्ये चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे. गड्याच्या डोक्यावर घड्याळाचे आकडे उलटे धावत असतात. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणण्याचा नियम पुस्तकात कायम आहे आणि पंच त्याकडे लक्षही देतात. पण गजर, वाद्ये आणि समालोचकाचा आरडाओरडा यांत तो उच्चार प्रेक्षकास ऐकू येत नाही, आणि चढाई संपते ती बहुधा घड्याळाने. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवावा, नाही तर बाद व्हावे, असा ‘करो या मरो’चा नियम आहे. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड साधली तर एक गुण अधिक. या सर्वांचा हेतू एकच: प्रेक्षकाचे लक्ष क्षणभरही ढळू नये. जुन्या खेळात एखादा धूर्त गडी नुसता दम घेऊन परत येई, आघाडी राखी, आणि सामना कंटाळवाणा करून सोडी. तो मार्ग बंद झाला. सामने उत्कंठापूर्ण झाले हे कोणीही निष्पक्षपाती मनुष्य कबूल करील, आणि आम्हीही करतो.

तथापि खेळाचे मोजमाप माणसाच्या छातीतून निघून भिंतीवर गेले. आमच्या गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने दूरचित्रवाणीवरील सामना पाहून आम्हांस विचारले, “मास्तर, आता दम कोनाचा पाह्याचा? घडीचाच ना?” आम्ही प्राध्यापक असल्यामुळे आम्हांस ताबडतोब उत्तर सुचले नाही. लांब दमाचा किडकिडीत पोरगा, ज्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्याचा राखून ठेवलेला वाटा या नव्या व्यवस्थेत नाहीसा झाला आहे. तीस सेकंद दम बहुतेक सर्वांनाच पुरतो. उरते ते बळ, चापल्य आणि कसरत. हा बदल चांगला की वाईट हे आम्ही सांगत नाही, पण तो झाला आहे, आणि तो झाल्याची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही.

आता दामाविषयी. पहिल्या लिलावात सर्वांत अधिक बोली राकेशकुमार या खेळाडूवर लागली: १२ लाख ८० हजार रुपये. २०१८ साली मोनू गोयत याच्यावर १ कोटी ५१ लाखांची, आणि २०२३ साली पवन सहरावत याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली झाली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यास २०१९ साली १ कोटी ४५ लाख मिळाले. नऊ वर्षांत वीस पटींची ही वाढ. माणसांचा लिलाव हा शब्दच ओंगळ आहे, आणि सुसंस्कृत मनास तो खुपला पाहिजे. परंतु हौशीपणाच्या ध्येयाचा जप करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. व्यायाम हे देशकार्य असे म्हणणारी पिढी थोर होती खरी. पण तिच्यातील बहुतेकांच्या घरी शेती, वकिली किंवा मास्तरकी होती. ज्याच्या घरी यांपैकी काही नाही त्यास निःस्वार्थ खेळ हा न झेपणारा थाट आहे. हरियाणातील किंवा चंदगडकडील शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या मांडीच्या बळाचे मोल मागितले तर त्यास आम्ही तरी नावे ठेवणार नाही.

त्याने मोल मागताना काय काय सोडले, एवढे मात्र पाहिले पाहिजे. बर्फाच्या हॉकीत खेळाडूस संघाने एकदा करारात घेतले की त्याची सुटका दुसऱ्या संघाच्या इच्छेने व मालकाच्या मर्जीने होई. डेट्रॉइटचा टेड लिंडसे याने १९५७ साली खेळाडूंची संघटना काढण्याचा खटाटोप केला. त्याच वर्षी त्यास शिकागोच्या संघाकडे धाडून देण्यात आले. संघटना उभी राहण्यास १९६७ साल उजाडले, आणि त्यानंतरही मालक व खेळाडू यांच्यातील तंट्यापायी २००४-०५ चा सबंध हंगाम रद्द झाला. म्हणजे लीग निघाल्यापासून खेळाडूस आपले म्हणणे एकत्रितपणे मांडता येईपर्यंत त्या देशात पन्नास वर्षे गेली. आपली लीग अजून वयात यावयाची आहे.

आणि खेळाची मालकी? आपल्याकडे तर लीग निघण्यापूर्वीच हौशी संस्थेची अवस्था चिंताजनक होती. राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद १९८४ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाच गृहस्थांकडे होते, पुढे ते त्यांच्या पत्नीकडे गेले. अखेर २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्या निवडी रद्द ठरवून प्रशासक नेमला. जे लोक म्हणतात की धंदेवाल्यांनी खेळ बळकाविला, त्यांनी सेवाभावी म्हणविणाऱ्यांनी तो कसा सांभाळला हेही सांगावे. २०१९ साली दुसऱ्या एका संस्थेने प्रतिस्पर्धी लीग काढून खेळाडूंस उत्पन्नात वाटा देण्याचे आश्वासन दिले. तिचे पाऊल एका हंगामापलीकडे पडले नाही. कॅनडा-अमेरिकेतही १९७२ साली अशी दुसरी लीग निघाली होती. तिने बॉबी हल यास विनिपेगला ओढून नेले, खेळाडूंचे पगार वाढविले, आणि १९७९ साली आपले चार संघ जुन्या लीगला देऊन ती संपली.

प्रो कबड्डीचे संघ २०१७ साली आठाचे बारा झाले. महाराष्ट्राच्या वाट्यास दोन आहेत, मुंबई आणि पुणे. यू मुंबाने २०१५ साली, व ‘पुणेरी पलटण’ने अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हरियाणास २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळविले. विदर्भाच्या वाट्यास एकही नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून निराळा म्हणून उतरतो. लीगच्या नकाशावर मात्र नागपूर नाही, आणि ज्या अमरावतीने हा खेळ बर्लिनला नेला तीही नाही. नांदगाव पेठेतील मुले पाठीवर पुण्याचे किंवा पाटण्याचे नाव छापलेले सदरे घालून खेळतात. आम्ही ही तक्रार म्हणून लिहीत नाही. लीग ही जेथे तिकिटे, जाहिराती आणि धनी असतील तेथे वसते; इतिहासाच्या मानाने ती संघ वाटीत नाही. कॅनडाची स्थिती याहून वेगळी नाही. आज त्या लीगमध्ये ३२ संघ आहेत, त्यांतील सातच कॅनडाचे. क्वेबेकचा संघ १९९५ साली अमेरिकेत गेला, विनिपेगचा त्याच्या पुढच्या वर्षी. आणि स्टॅन्लेचा तो प्याला १९९३ साली मॉन्ट्रियलने जिंकला, त्यानंतर २०२५ पर्यंत तो एकाही कॅनेडियन संघाच्या हाती लागला नाही.

परदेशच्या खेळाडूंचा प्रश्न यास लागूनच येतो. १९३६ साली, म्हणजे आमचे पथक बर्लिनला गेले त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, गार्मिश येथील ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या हॉकी संघाने कॅनडास २-१ असे हरवून सुवर्णपदक नेले. इंग्लंडच्या त्या संघातील बहुतेक गडी कॅनडातच वाढलेले किंवा शिकलेले होते. प्रो कबड्डीच्या बाबतीत हा धडा आपल्यास चार वर्षांतच मिळाला. कोरियाचा जांग कुन ली २०१४ पासून कोलकात्याच्या संघातून खेळत होता. २०१६ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या चढायांनी कोरियाने भारतास ३४-३२ असे हरविले. २०१८ साली जाकार्तास इराणने आपल्या पुरुषांस उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवून अठ्ठावीस वर्षांची परंपरा मोडली. त्या इराणी संघाचे आधारस्तंभ आपल्याच लीगमध्ये हंगामामागून हंगाम घडले होते. त्याच जागी स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इराणने भारतास २७-२४ असे हरविले, आणि त्या इराणी संघाच्या शिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. वर्तमानपत्रांनी दुखवटा पाळला. आम्हांस त्यात दुःखाचे काही दिसले नाही. ऐंशी वर्षांपूर्वी अमरावतीच्या मंडळींनी समुद्र ओलांडला तो हा खेळ दुसऱ्यांस यावा म्हणूनच ना? तो आला. पुरुषांचे व स्त्रियांचे दोन्ही सुवर्ण भारताने २०२३ साली हांगझौ येथे परत मिळविले.

स्त्रियांचा विषय निघाला तो तसाच सोडता येत नाही. २०१२ साली पाटण्यास स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताने जिंकला, आणि त्या संघातील महाराष्ट्राच्या तीन मुलींस, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे व दीपिका जोसेफ यांस, राज्यशासनाने एकेक कोटी रुपये दिले. लीगच्या पहिल्या लिलावातील सर्वांत महागड्या पुरुषाच्या किमतीशी या रकमेची तुलना करून पाहावी. लीगने २०१६ साली पुरुषांच्या सामन्यांबरोबर स्त्रियांची एक छोटी स्पर्धा भरविली. संघ तीन होते: ‘फायर बर्ड्स’, ‘स्टॉर्म क्वीन्स’ आणि ‘आईस दीवाज’. शहरांची नावे त्यांस मिळाली नाहीत. अग्नी, वादळ आणि बर्फ एवढ्यावर भागविले गेले. बर्फाच्या नावाच्या त्या संघाची कर्णधार अभिलाषा म्हात्रेच होती. ३१ जुलै रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला, आणि स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्सना २४-२३ असे एका गुणाने हरविले. त्यानंतर या लीगच्या कोणत्याही हंगामात स्त्रियांचे सामने झालेले नाहीत.